गाण्याचा पल्ला

माझ्या गाण्यामुळे तुमचा घाव एक टक्क्याने जड झाला, तर त्या घावातला एक टक्का माझा का? हा प्रश्न मला ग्रंथात सापडलेला नाही. जेवणं आवरून, उद्याच्या तासांची टाचणं काढून, रात्री साडेदहाच्या सुमाराला मी गेम खेळायला बसते, तेव्हा तो पडतो.

गेमचं नाव 'फायनल फँटसी फोर्टीन'. जगभरातले लोक एकाच वेळी एका काल्पनिक जगात उतरतात, आठ-आठ जणांच्या टोळ्या करतात आणि डोंगराएवढ्या राक्षसांशी लढतात. टोळीत प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. कुणी ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि मार अंगावर घेतो, कुणी जखमा भरून काढतो, बाकीचे घाव घालतात. मी बार्ड आहे. बार्ड म्हणजे युरोपातल्या जुन्या केल्टिक लोकांमधला गाणारा कवी, राजाचे पराक्रम लक्षात ठेवणारा आणि सांगणारा. आपल्याकडे त्याला शाहीर म्हणायचं की भाट, यावर माझं अजून ठरलेलं नाही. ते का ठरत नाही, हेच या लेखातून शोधायचं आहे.

या गेममधला बार्ड मूळचा धनुर्धारी. तिसाव्या लेव्हलपर्यंत नुसते बाण मारायचे, मग गाणं येतं. त्यामागची गेममधली दंतकथा मला फार आवडते: जुन्या काळी रणात उभे असलेले तिरंदाज सोबत्यांना धीर यावा म्हणून गायचे, आणि त्यांचे वारसदार म्हणजे बार्ड. माझ्याकडे तीन गाणी आहेत. प्रत्येक पंचेचाळीस सेकंद चालतं; एक संपत आलं की दुसरं लावायचं, मग तिसरं, मग पुन्हा पहिलं. एका गाण्याने टोळीतल्या सगळ्यांचे घाव १ टक्क्याने जड होतात. दुसऱ्याने घाव वर्मी बसण्याची शक्यता २ टक्क्यांनी वाढते, तिसऱ्याने तो थेट बसण्याची शक्यता ३ टक्क्यांनी. गेमची नवी आवृत्ती आली की आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण असतात ते नेहमी लहानच. तमाशात सुरत्या तुणतुणं घेऊन मागे उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण त्याचा सूर थांबला तर पुढच्याचा आवाज उघडा पडतो. तसंच हे काम.

मी शिरूरला एका शाळेत मराठी शिकवते. माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. मधे न्हावरा, चौफुला आणि दोन्ही बाजूंना ऊस. असल्या ठिकाणी बसून परदेशातल्या सर्व्हरवर बार्ड म्हणून बाण मारण्यात गंमत आहे खरी, पण गंमत सांगायला मी हे लिहीत नाही.

*

या गेमच्या खेळाडूंनी एक गोष्ट अशी केली आहे, जी तत्त्वज्ञांना जमलेली नाही. त्यांनी साथीचा हिशोब मांडला आहे.

लढाई संपली की तिचा लॉग एका संकेतस्थळावर चढवता येतो. गेम बनवणारी कंपनी असल्या बाहेरच्या साधनांना मान्यता देत नाही, तरी लोक ती वापरतात. तिथे कुणी किती इजा केली याचे आकडे निघतात. सुरुवातीला हिशोब सरळ होता: ज्याच्या हातून घाव पडला, त्याच्या नावावर. मग ओरड झाली की हा गाणाऱ्यांवर आणि नाचणाऱ्यांवर अन्याय आहे. बार्डने गाणं म्हटलं म्हणून तलवारवाल्याचा घाव वाढला, मग वाढलेला भाग बार्डचा नको का? तेव्हा एक नवा आकडा आला. माझ्या गाण्यामुळे तुमच्या घावात जेवढी भर पडली, तेवढी तुमच्या खात्यातून वजा होते आणि माझ्या खात्यात जमा होते. एका बाजूला वजा, दुसऱ्या बाजूला जमा, बेरीज तीच. वाण्याच्या वहीसारखं चोख.

हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बरं वाटलं होतं. वर्षानुवर्षं साथ देणाऱ्या माणसांना आपण 'आणि इतर' या दोन शब्दांत उरकत आलो. इथे कुणीतरी बसून त्यांचा वाटा दशांशापर्यंत काढत होतं. पण थोड्या दिवसांनी एक गोष्ट टोचायला लागली. हा हिशोब फक्त श्रेयाचा आहे, कारण समोर राक्षस आहे आणि त्याला मारणं चांगलंच आहे असं आधीच ठरलेलं आहे. समोर राक्षस नसून माणूस असता, तर हाच आकडा मी अभिमानाने बघितला असता का? की म्हटलं असतं, मी तर फक्त गात होते?

*

प्रश्नाला धार आली ती गेल्या वर्षी. शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी, पाहुण्यांसाठी स्वागतगीत, कुणाच्या निवृत्तीला चार ओळी असं मी लिहीत असते, त्यामुळे घरात मी 'गाणी लिहिणारी' म्हणून ठरून गेले आहे. दौंडला बहिणीचा मुलगा आहे, विशीतला. त्याचा एका सुट्टीत फोन आला. त्यांच्या भागातल्या एका दादाचा वाढदिवस होता. मिरवणूक, डीजे, वरून ड्रोनने शूटिंग. त्याला गाणं हवं होतं. दादाचं नाव तीन-चार वेळा यावं, समोरच्या गटाला धडकी भरावी, आणि जमलं तर 'कोयता' हा शब्द कुठेतरी बसवावा.

आमच्या भागात कोयता म्हणजे ऊसतोडीचं हत्यार. साखर कारखान्यांचे पट्टे पडले की जोडपी येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि दिवस उजाडायच्या आत कोयत्याचा आवाज सुरू होतो. गेल्या काही वर्षांत पुण्याकडच्या बातम्यांमध्ये या शब्दापुढे 'गँग' लागायला लागलं. तोडणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे पाडणारी वस्तू कुणाच्या तरी रीलमध्ये हवेत फिरायला लागली.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, तू रोज रात्री तेच तर करतेस. स्वतः कमी मारतेस आणि दुसऱ्याचा मार वाढवतेस. वर त्याचे आकडे बघतेस."

मी म्हटलं, तो खेळ आहे. तो म्हणाला, हे पण गाणंच आहे. गाणं ऐकून कुणी कुणाला मारत नाही.

त्याच्या बोलण्यातली विसंगती तेव्हाच दिसत होती. गाण्याने काही होत नसेल, तर समोरच्या गटाला धडकी भरवायला ते हवं कशाला? मागताना गाण्यात ताकद असते आणि जाब विचारला की ते नुसतं गाणं असतं. पण ही विसंगती त्याच्या एकट्याची नाही. आम्हा सगळ्या गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांची ती जुनी सोय आहे. शाहिरीने संयुक्त महाराष्ट्र जागवला, असं आपण अभिमानाने सांगतो. अमर शेखांच्या आवाजाने मैदानं पेटत, असंही म्हणतो. 'पेटत' हा शब्द वापरताना आपल्याला काही वाटत नाही, कारण आग आपल्या बाजूची असते. गाण्याचं श्रेय घ्यायचं असेल, तर गाण्याचा दोषही त्याच दाराने आत येणार. भाच्याला मी नकार दिला, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं.

*

इसापच्या एका गोष्टीत लढाईत शिंग फुंकणारा माणूस शत्रूच्या हाती सापडतो. तो गयावया करतो: मी कुणाला मारलेलं नाही, माझ्याजवळ या पितळी शिंगाखेरीज काही नाही. पकडणारे म्हणतात, म्हणूनच तुला मारायचं. तू स्वतः लढत नाहीस, पण तुझ्यामुळे बाकीचे सगळे लढतात.

लहानपणी ही गोष्ट न्यायाची वाटते. मोठेपणी तिची भीती वाटते, कारण शत्रूने लावलेला हा न्याय आहे. उद्या हाच न्याय कुठल्याही सत्तेला कुठल्याही गाणाऱ्याला लावता येईल. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली 'ऑन लिबर्टी'मध्ये यातून वाट काढायचा प्रयत्न केला. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापलं तर त्याला हात लावू नये. पण व्यापाऱ्याच्या दारात खवळलेला जमाव उभा असताना तेच वाक्य ओरडून सांगितलं, तर ती शिक्षेची गोष्ट होऊ शकते. शब्द तेच, जागा वेगळी. मिलचं बोट बरोबर ठिकाणी आहे: शब्दाचा अर्थ शब्दात मावत नाही, तो कुठे, कुणासमोर उभं राहून उच्चारला यात अर्धा असतो. पण मिलला छापील कागद आणि दारातला जमाव यांच्यामधलं अंतर माहीत होतं. आज कागद आणि दार एकाच फोनमध्ये आहे.

आमच्या परिसरात याची दोन उदाहरणं आहेत. शिरूर-दौंडच्या माणसाने या प्रश्नावर लिहायचं आणि ती टाळायची, हे बरं नव्हे.

पहिलं कवी कलशांचं. कनौजकडचा हा ब्राह्मण कवी छत्रपती संभाजी महाराजांचा 'छंदोगामात्य' झाला. नुसता दरबारी कवी नव्हे. कारभार पाहिला, रणातही उतरला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला दोघंही एकत्र पकडले गेले. भीमेच्या काठी पेडगावच्या बहादूरगडावर औरंगजेबाची छावणी होती, तिथे त्यांची धिंड निघाली. दौंड तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या भीमेचाच हा पलीकडचा काठ. ११ मार्च १६८९ ला दोघांनाही हालहाल करून मारण्यात आलं. तुळापूर आणि शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक या परिसरात आज दोघांच्याही स्मृती जपल्या जातात.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. पुढच्या बखरींनी या माणसाला 'कलुषा' म्हटलं, 'कब्जी' म्हटलं. राजा बिघडला तो या कवीच्या नादाने, मंत्रतंत्राने, असा ठपका ठेवला. दोनेकशे वर्षं तो ठपका राहिला. विसाव्या शतकात वा. सी. बेंद्रे, कमल गोखले यांच्यासारख्या अभ्यासकांनी साधनं तपासून संभाजी महाराजांचं चित्र दुरुस्त केलं, तेव्हा कुठे सोबतच्या कवीचीही बाजू ऐकली गेली. म्हणजे आधी सगळा दोष कवीचा आणि आता सगळी निष्ठा कवीची. टक्केवारी काढायला कुणीच बसलं नाही. राजावरचा दोष हलका करायचा होता तेव्हा तो कवीच्या खात्यात ढकलला. गेमच्या त्या संकेतस्थळासारखंच: एकाकडून वजा, दुसऱ्याकडे जमा.

दुसरं उदाहरण अधिक अवघड, कारण ते संपलेलं नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. लढाईनंतर उभ्या राहिलेल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत, त्यांतली २२ महार सैनिकांची. पोवाडा हाही एक लॉगच असतो: कुणी काय केलं याची नोंद. पण तो कुणाच्या पदरी गायला जातो, त्यावर कुणाचं नाव येतं हे ठरतं. या सैनिकांची नावं पोवाड्याने नव्हे, परक्या सरकारच्या दगडाने टिकवली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे आले आणि दगडावरची नावं लोकांच्या तोंडी आली. पुढे आंबेडकरी जलशांनी आणि गायकांनी त्या स्मृतीला आवाज दिला. ज्यांना कुणी मोजलं नव्हतं त्यांना गाण्याने मोजलं. गाण्याची ही बाजू विसरून चालणार नाही.

त्याच ठिकाणी १ जानेवारी २०१८ ला हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. कुणाच्या शब्दांनी कुणाचा हात उठला, हा प्रश्न तेव्हापासून पोलीस, चौकशी आयोग आणि न्यायालयं यांच्यासमोर आहे. एका बाजूने, आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेतली भाषणं आणि गाणी यांवर फिर्याद झाली. कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०२० मध्ये अटक झाली. दुसऱ्या बाजूने, हिंदुत्ववादी नेत्यांनी वातावरण तापवल्याची फिर्यादही नोंदली गेली. खटल्याचा निकाल द्यायचं काम माझं नाही. मला दिसते ती या वादाची रीत. एक म्हणतो, गाण्याने डोकी भडकवली, दगड मारणारे बिचारे वाहवत गेले. दुसरा म्हणतो, दगड मारला त्या हाताला विचारा, गाण्याला कशाला? दोघांचंही गृहीत एकच आहे: दोष शंभर टक्के असतो आणि तो वाटायचा असतो. गाणाऱ्याला जेवढा दिला, तेवढा मारणाऱ्याचा कमी झाला.

इथेच मला गेममधला हिशोब चुकीचा वाटायला लागला. राक्षसाच्या अंगावरची इजा मोजता येते आणि ती वाटताही येते. एकाला दिली की दुसऱ्याची कमी होते. जबाबदारी अशी वाटली जात नाही. तलवार चालवणाऱ्याची जबाबदारी शंभर टक्केच राहते, मग मागे कुणी गात असो वा नसो. गाणाऱ्याची जबाबदारी त्यातून कापून आलेली नसते, ती वेगळी निर्माण होते. बेरीज शंभराच्या वर गेली तरी चालतं. दोन माणसं मिळून भिंत पाडतात तेव्हा प्रत्येकाने अर्धी पाडलेली नसते, दोघांनीही भिंत पाडलेली असते. म्हणून 'मी फक्त गायलो' हे वाक्य खरं असलं तरी सुटका करत नाही, आणि 'त्याने गायलं म्हणून मी मारलं' हेही खरं असलं तरी सुटका करत नाही.

*

मग सगळी जोशाची गाणी बंदच करायची का? प्लेटोच्या आदर्श नगरात कवींना जागा नव्हती, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्यानेही शूराला आणि संयमी माणसाला शोभतील असे दोन सूरप्रकार ठेवलेच. धैर्य हवं असेल तर गाणं हवं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' नावाचा २००७ चा गेम तर याहून पुढे गेला. त्यात पात्राला 'प्राण' नाहीतच, आहे ते मनोधैर्य. घाव बसला की धैर्य कमी होतं, संपलं की माणूस मरत नाही, माघार घेतो. तिथला गाणारा त्यामुळे वैद्याचं काम करतो: गाणं म्हणून माणसाला पुन्हा उभं करतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटजवळ बसून अभंग म्हणणारी एखादी म्हातारी आठवली, तर ही कल्पना फार काल्पनिक वाटत नाही.

प्रश्न गावं की न गावं हा नाही. कुठे उभं राहून गावं, हा आहे. याचा धागा मला एका कोरड्या नियमात सापडला. या सगळ्या खेळांचा पूर्वज म्हणजे १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत बार्डने दुसऱ्याला स्फूर्ती देण्याचा नियम आहे. त्याच्या अटी अशा: ती स्फूर्ती स्वतःला देता येत नाही, ज्याला द्यायची तो साठ फुटांच्या आत हवा, त्याला बार्डचं ऐकू आलं पाहिजे, आणि दहा मिनिटांत वापरली नाही तर ती विरून जाते.

नियम लिहिणाऱ्यांनी हे खेळाचा तोल राखायला लिहिलं असेल. मला त्यात नीती दिसली. गाण्याला पल्ला आहे. साठ फुटांच्या आत ज्याला गाणं ऐकू येतं, त्याची तलवार बार्डला दिसते, आणि समोरच्याचा बाण बार्डलाही लागू शकतो. माझ्या गेममध्येही गाण्याला ठरलेला वेढा आहे. दूर सुरक्षित कोपऱ्यात उभं राहून टोळीला चढवता येत नाही. मारामारीच्या आवारात राहावं लागतं, आणि कितीतरी रात्री मी गात असतानाच मरून पडले आहे.

डफावर थाप मारणारा शाहीर असाच पल्ल्यात असायचा. पुढे बसलेल्यांचे चेहरे दिसायचे. कुणाच्या डोळ्यांत काय चढतंय हे कळायचं, आणि झीलकऱ्यांना खूण करून तो चाल उतरवू शकायचा. चौफुल्याच्या कला केंद्रांतल्या बैठकीची लावणी तर याहून जवळची: खोली केवढी, तेवढा गाण्याचा पल्ला. समोरचा माणूस कुठवर आला आहे हे गाणारीला त्याच्या आधी समजतं, आणि बैठक कुठे सावरायची हेही. हे कौशल्य गळ्याचं नाही, नजरेचं आहे.

भाच्याला हव्या असलेल्या गाण्याला पल्लाच नव्हता. मी ते शिरूरला लिहिणार, कुणीतरी ते दुसऱ्या गावातल्या स्टुडिओत म्हणणार, ते दौंडच्या चौकात डीजेवर वाजणार आणि पुढची कितीतरी वर्षं कुणाकुणाच्या स्टेटसला लागणार. दहा मिनिटांत विरणं नाही, साठ फुटांची अट नाही. कुणाच्या हातात काय आहे हे मला दिसणार नाही, आणि त्या चौकात काही झालंच तर मी पन्नासेक किलोमीटर लांब टाचणं काढत असणार.

*

यावर एक रास्त आक्षेप आहे. लिहिलेलं गाणं नेहमीच लिहिणाऱ्याच्या पल्ल्याबाहेर जातं. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर घ्या. त्यांनी आयुष्यभर तमाशाच्या फडांसाठी लावण्या, गण-गवळणी, वगनाट्यं लिहिली. दारू, हुंडा, निरक्षरता यांवरही लिहिलं. २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार राज्य शासनाने त्यांना दिला आणि २०२१ मध्ये ते गेले. त्यांची गाणी किती फडांनी, किती जत्रांत म्हटली असतील. ते प्रत्येक तंबूत हजर नव्हते. मग ते बेजबाबदार होते का?

नव्हते, आणि त्याचं कारण त्यांच्या परंपरेतच आहे. पोवाड्याच्या किंवा लावणीच्या अखेरीला शाहीर आपलं नाव गुंफतो. कधी गुरूचं, कधी गावाचं, कधी साथ करणाऱ्याचंही. होनाजी बाळा हे तर दोघांचं मिळून एक नाव: होनाजी लिहायचा, बाळा गायचा, आणि लोकांनी श्रेय वेगळं करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. शाळेत नाममुद्रा शिकवताना मी तिला 'कवीची सही' म्हणायचे. आता मला ती पत्त्यासारखी वाटते. गाणं माझ्या पल्ल्याबाहेर चाललं आहे, पण ज्याला जाब विचारायचा असेल त्याने या गावी, या नावाच्या माणसाकडे यावं, असं तिथे लिहिलेलं असतं. कवठेकर हे आडनावच पत्ता आहे.

डीजेच्या गाण्यातही नावं असतात. मिक्स करणाऱ्याचं नाव तर मधेमधे ओरडून सांगितलेलं असतं. पण ती जाहिरात असते, पुढच्या ऑर्डरसाठी. आणि शेवटी जिथे गाणाऱ्याचं नाव यायचं, तिथे दादाचं नाव येतं. शाहीर आणि भाट यांच्यातला फरक मला इथे सापडला असं वाटतं. दोघंही दुसऱ्याच्या पराक्रमाचं गातात, दोघंही बिदागी घेतात. तो फरक नव्हे. गाणं संपताना उत्तर द्यायला कोण उभं राहतं, हा फरक आहे.

मला हेही दिसतं की एवढ्याने प्रश्न सुटत नाही. पल्ल्यात उभं राहून, आपलं नाव ठणकावून सांगून, अत्यंत वाईट गाणी म्हणणारे लोक झालेले आहेत आणि आजही आहेत. काही जण तर त्याच नावावर निवडूनही येतात. पल्ल्यात असणं आणि नाव लावणं यामुळे गाणं चांगलं होत नाही. त्यामुळे गाणाऱ्याची आणि त्याच्या गाण्याने उठलेल्या हाताची ओळख पटत राहते, इतकंच. पण ही ओळख तुटली की मग काहीच उरत नाही. गाणं कुणाचंच नसतं, घाव कुणाचाच नसतो आणि पडलेला माणूस मात्र खरा असतो.

आणि उलटंही आहे. कायद्याच्या भीतीने गाणाऱ्यांनी तोंड मिटलं, तर ज्यांची नावं फक्त दगडावर उरली होती त्यांना पुन्हा मोजणार कोण? सत्तेला बोचणारं गाणं आणि शेजाऱ्यावर कोयता उगारणारं गाणं, दोन्ही जोशाचीच असतात. त्यांतला फरक चालीत कळत नाही. गाणाऱ्याच्या समोर कोण उभं आहे, त्याच्यापेक्षा बळकट की दुबळं, आणि तो स्वतः कुठे उभा आहे, हे बघावं लागतं.

त्या मिरवणुकीचं पुढे काय झालं, असं कुणी विचारेल. काही झालं नाही. भाच्याने दुसऱ्या कुणाकडून तरी गाणं करून घेतलं, ते वाजलं, लोक नाचले, केक कापला. नकार देऊन मी काही अनर्थ टाळला असा माझा दावा नाही. गाण्याचा परिणाम होईलच असं नसतं. तो एक टक्का असतो, बहुतेक वेळा जाणवतही नाही. पण शंभर रात्री एक-एक टक्का जमत जातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल.

गेममध्ये मी अजून बार्डच आहे. राक्षस काल्पनिक आहे म्हणून मी मोकळी आहे, असं भाच्याला सांगायला हरकत नव्हती, पण ते अर्धंच उत्तर झालं असतं. खेळाने मला शिकवलं ते हे की धीर देणं ही कृती आहे, आणि तिला अंतर असतं, मुदत असते, धोका असतो. तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तो एक टक्का माझा आहे. तुमच्या शंभरातून तो कमी होत नाही. आणि तो माझा म्हणायची तयारी नसेल, तर त्या रात्री मी नुसते बाण मारावेत, गाऊ नये.